विजेचा भाव संध्याकाळी का उसळतो? वीजबाजारात नव्याने येणाऱ्यांसाठी

सांगली-साताऱ्याकडून इलेक्ट्रिकल करून वीजखरेदीच्या कामात येणारी मुलंमुली सुरुवातीला हमखास एकच आलेख काढतात: रोजची मागणी आणि रोजचा सरासरी भाव. दोन रेषा जुळत नाहीत आणि मग गोंधळ होतो. सरासरी आधी बाजूला ठेवा. विजेचा भाव पंधरा मिनिटांचा असतो.

डे-अहेड बाजारात उद्याच्या विजेसाठी आज सकाळी 10 ते दुपारी 12 बोली लावायची. दिवसाचे पंधरा-पंधरा मिनिटांचे 96 ब्लॉक, प्रत्येकाचा लिलाव वेगळा. विक्रीच्या बोली स्वस्ताकडून महागाकडे, खरेदीच्या महागाकडून स्वस्ताकडे रचतात. दोन्ही जिथे छेदतात तो भाव सगळ्यांना लागू. 1 जून 2020 पासून ऐनवेळच्या खरेदीसाठी रिअल टाइम बाजारही आहे. त्यात दर अर्ध्या तासाला लिलाव होतो आणि एका वेळी दोन ब्लॉक विकले जातात. एक्स्चेंजवरचा, म्हणजे हे लिलाव चालतात त्या वीजबाजारातला, भाव रुपये प्रति मेगावॅट-तास असतो, म्हणजे 10,000 दिसले की 10 रुपये युनिट. एक मेगावॅट एक ब्लॉकभर चालला की 250 युनिट. हे तोंडपाठ हवं, कारण सर्वांत महागड्या चुका एककातच होतात.

आता उसळीचं मूळ. एक काल्पनिक रचना घ्या: 900 मेगावॅटपर्यंत विक्रेते 5 रुपयांच्या आत आहेत, पुढचे 100 मेगावॅट 9 रुपयांना. खरेदी 890 असेल तर भाव 5. 910 झाली की 9. मागणी जेमतेम सव्वादोन टक्के वाढली, भाव 80 टक्के. म्हणून ‘मागणी किती’ एवढ्यावर थांबू नका. शेवटचा स्वस्त मेगावॅट संपायला किती अंतर उरलंय, ते बघा.

हे अंतर सगळ्यात लवकर संपतं सूर्यास्तानंतर. दुपारी सौरऊर्जा भरपूर असते, भाव पडतो. सातच्या सुमाराला सौर शून्यावर येते, पण घरोघरचे दिवे, पंखे, एसी सुरूच असतात. त्यामुळे एकूण मागणीतून सौर आणि पवन वजा करून उरलेली निव्वळ मागणी काढायची सवय लावा. उसळी तिच्यामागे जाते. पावसाळ्यात साताऱ्यातल्या चाळकेवाडी, वनकुसवडेच्या पवनचक्क्यांच्या पठारावर वारा जोरात असतो, तेव्हा तीच मागणी वेगळी दिसते. आपल्याकडे कृषिपंपांच्या थ्री-फेज पुरवठ्याच्या वेळा रात्रीच्या दिवसा झाल्या तरी या मागणीच्या आलेखाचा आकार बदलतो.

कोयनेकडे खास लक्ष ठेवा. 1,960 मेगावॅटचा हा जलविद्युत प्रकल्प काही मिनिटांत भार उचलतो, म्हणून संध्याकाळच्या शिखराला त्याचं मोल मोठं. पण पाणी मोजून मिळतं. वीजनिर्मितीसाठी पश्चिमेकडे वळवायच्या पाण्याला जलवर्षाला 67.5 टीएमसीची मर्यादा आहे आणि जलवर्ष 1 जूनला सुरू होतं. उन्हाळ्यात ताकारी, टेंभू, म्हैसाळ या उपसा सिंचन योजनांसाठी पाणी पूर्वेला सोडलं तर ते धरणाच्या पायथ्याच्या 40 मेगावॅटच्या वीजगृहातून जातं. पश्चिमेला कोकणात पोफळीच्या वीजगृहाकडे पडताना मिळणारी प्रचंड उंची त्याला मिळत नाही. शिवाय त्याच योजनांचे पंप वीज ओढतात. धरणातला साठा आणि पश्चिमेला वापरलेलं पाणी हे दोन आकडे एप्रिल-मेमध्ये रोज टिपावेत असं आमचं ठाम मत आहे. संध्याकाळी कोयना कमी चालली की तेवढी वीज दुसरीकडून आणावी लागते.

एक सापळा मात्र नीट समजून घ्या. मार्च 2022 मध्ये भाव 20 रुपयांपर्यंत गेला, तेव्हा केंद्रीय वीज नियामक आयोगाने एप्रिलच्या सुरुवातीला 12 रुपयांची मर्यादा घातली. एप्रिल 2023 मध्ये ती 10 रुपयांवर आणली. भाव मर्यादेला टेकला की तो टंचाई किती हे सांगेनासा होतो. 200 मेगावॅट कमी पडोत की 5,000, पडद्यावर तेच 10 रुपये. मग खरेदी बोलीतून प्रत्यक्ष मिळालेलं प्रमाण वजा करा, उरेल ती टंचाई. 10 रुपयांची बोली लावूनही वीज प्रमाणात वाटून मिळते, पूर्ण मिळत नाही. नवशिका ‘मर्यादेला बोली लावली म्हणजे वीज आली’ असं धरून चालतो आणि ऐनवेळी वेळापत्रकाबाहेरची वीज ओढल्याचा आकार भरतो.

सरावासाठी कुपवाड एमआयडीसीतली 2 मेगावॅटची भट्टी धरा. संध्याकाळी 7 ते 10 म्हणजे ब्लॉक 77 ते 88. बारा ब्लॉक, प्रत्येकी 500, एकूण 6,000 युनिट. 10 रुपयांऐवजी दुपारी 3 रुपयांना वितळवलं तर ऊर्जेच्या भावातच रोज 42,000 रुपयांचा फरक. यात पारेषण, व्हीलिंग (वितरणाच्या तारा वापरण्याचं शुल्क), क्रॉस सबसिडी अधिभार (बाहेरून वीज घेणाऱ्यावर लागणारी भरपाई) आणि वहनातली घट धरलेली नाही. ती न धरता ग्राहकाला बचतीचा आकडा कधीच सांगू नका.

एका एप्रिलचे आणि एका ऑगस्टचे सगळे ब्लॉक उतरवून घ्या. तारीख, ब्लॉक, खरेदी बोली, विक्री बोली, मिळालेलं प्रमाण, भाव असे सहा रकाने करा. रविवार आणि सण वेगळ्या रंगात ठेवा. भाव 9 रुपयांच्या वर गेलेला प्रत्येक ब्लॉक गाळून त्यासमोर कारण लिहा: वारा पडला, ढग आले, संच बंद पडला, की पारेषणात कोंडी झाली. कोंडी असेल तर आपल्या विभागाचा भाव देशाच्या भावाहून वेगळा दिसेल, तो रकाना सातवा. मुलाखतीला जाताना हीच फाइल बरोबर न्या.