मोटरहोममधली अंघोळ: या चुका टाळा

मोटरहोम, म्हणजे राहायची-झोपायची सोय असलेली गाडी, किंवा घरीच बांधून घेतलेला कॅम्पर घेऊन कोल्हापूरच्या पश्चिमेला येणारी मंडळी वाढली आहेत, याचा मला आनंदच आहे. गगनबावडा, आंबा, राधानगरी, पुढं आजरा-चंदगड हा सगळा पट्टा मुक्कामाला देखणा आहे. येण्याआधी लोक रस्ता विचारतात, घाट कसा आहे विचारतात, तांबडा-पांढरा कुठं चांगला मिळतो तेही विचारतात. अंघोळीचं कुणी विचारत नाही. ती दुसऱ्या दिवशी सकाळी साबण हातात घेतल्यावर आठवते आणि मग घाई सुरू होते. पाणी कुठून घेणार आणि वापरलेलं कुठं सोडणार, हे मुक्कामाची जागा ठरवतानाच ठरवायला हवं. तसं केलं तर पुढच्या बहुतेक चुका होणारच नाहीत.

सड्यावर साबण लावणं

ही चूक मला सर्वांत जास्त टोचते, म्हणून आधी हीच.

पन्हाळ्याच्या पलीकडचं मसाई पठार असो की शाहूवाडी-गगनबावड्याकडचे सडे, म्हणजे डोंगरावरची सपाट कातळी पठारं, गाडी उभी करायला सपाट जागा दिसली की लोक तिथंच शॉवरचा तंबू ठोकतात. "वापरलेलं पाणी मातीत मुरेल की," असं म्हणतात. पण तिथं माती आहे कुठं? जांभ्याच्या कातळावर बोटभर थर असतो, काही ठिकाणी तोही नसतो. फेसाचं पाणी एक तर वाहत जाऊन जवळच्या डबक्यात उतरतं, नाही तर जांभ्याच्या भेगांतून खाली जातं. जांभ्यात मुरलेलं पाणी पठाराच्या कडेला झऱ्यांतून बाहेर पडतं आणि खालच्या कितीतरी वाड्या त्याच झऱ्यांवर पाणी भरतात.

पावसाळा सरताना एकदा दोन कुटुंबं अशाच एका सड्यावर मुक्कामाला होती. रस्ता दाखवायला मी बरोबर होतो. सकाळी मी खालच्या वाडीतून दूध घेऊन वर आलो, तोवर चौघांच्या अंघोळी उरकल्या होत्या. तंबू डबक्यापासून दहा पावलांवर होता आणि पाण्यावर शाम्पूचा फेस तरंगत होता. तेवढ्यात धनगरवाड्यावरचे एक मामा म्हसरं घेऊन पाण्यावर आले. ते रागावले नाहीत. "पावनं, ह्ये आमच्या जनावरांचं पानी हाय. तुमी उद्या जाशीला, आमी कुटं जायाचं?" एवढंच म्हणाले. मंडळींनी पैसे पुढं केले. मामांनी ते घेतले नाहीत, म्हसरं वळवली आणि सड्याच्या दुसऱ्या टोकाला निघून गेले. ज्यांनी अंघोळ केली त्यांचं म्हणणं एकच होतं, की साबण नैसर्गिक होता, बाटलीवर तसं छापलं होतं.

हे छापलेलं वाचून फसू नका. असा साबण कुजायला माती लागते, मातीतले जिवाणू लागतात आणि वेळ लागतो. साचलेल्या पाण्यात तो साबणच राहतो. बेडकाची पिल्लं कल्ल्यांनी आणि कातडीतून श्वास घेतात, त्यांना साबणाचं पाणी सोसत नाही. सड्यावरच्या त्या डबक्यांत पावसाळाभर हीच पिल्लं वाढत असतात.

माझा नेम सरळ आहे. सड्यावर साबण बाहेर काढायचाच नाही. पंचा ओला करून अंग पुसून घ्यायचं आणि नीट अंघोळ खाली उतरल्यावर करायची. माती खोल आहे अशा जागी साबण चालेल, पण ओढा, विहीर किंवा तळ्यापासून किमान 60 मीटर लांब. तिथंही मी पायाखाली मोठा टब ठेवतो. पाच-सहा लिटरच्या अंघोळीचं पाणी त्यात सहज मावतं. मग ते एका जागी न ओतता झाडोऱ्याच्या मातीत पसरून टाकतो. माती नसेल तर झाकणाच्या कॅनमध्ये भरून बरोबर नेतो. कॅन वागवायचा कंटाळा येतो असं नवे लोक म्हणतात. कंटाळा येत असेल तर एक दिवस बिनअंघोळीचं राहा, त्यानं काही बिघडत नाही.

बंधाऱ्यावर उतरणं

ज्या बंधाऱ्यांना देशभर 'कोल्हापूर पद्धतीचे' म्हणतात ते इथल्या प्रत्येक नदीवर आहेत आणि पाहुण्यांना ते आयता स्नानाचा घाट वाटतात. बर्गे, म्हणजे पाणी अडवायच्या फळ्या, घातलेले असतात तेव्हा वरच्या बाजूचं पाणी संथ दिसतं, पण फटींजवळ त्याला ओढ असते. खालच्या बाजूच्या दगडांवर शेवाळ असतं. स्थानिक पोरं उड्या मारतात म्हणून आपणही मारावी, असं समजू नका. त्यांना तळाचा दगड न् दगड ठाऊक असतो.

भोगावतीच्या काठी आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. शाहू महाराजांनी काम सुरू केलेल्या राधानगरी धरणाला सात स्वयंचलित दरवाजे आहेत. पातळी भरली की ते आपोआप उघडतात, बटण दाबायला माणूस लागत नाही. एका दरवाजातून 1428 क्युसेक पाणी सुटतं, म्हणजे सेकंदाला सुमारे 40 हजार लिटर. वीजगृहातूनही पाणी सोडलं जातं, ते तर पाऊस नसतानाही. आभाळ निरभ्र आहे म्हणून नदी वाढणार नाही, हा हिशेब धरणाखाली चुकतो. पात्रात गाडी उतरवून अंघोळ करणाऱ्यांना मी हात जोडून सांगतो, गाडी काठावर ठेवा, बादलीनं पाणी वर आणा. शहराच्या खालच्या अंगाला पंचगंगेचं पाणी अंगावर घेऊच नका.

बाथरूमच्या कप्प्यात गॅस गिझर बसवणं

इथं मी कुणाचं ऐकून घेत नाही.

गाडी बांधून देणारे हल्ली घरगुती गॅस गिझर सर्रास बसवून देतात. घरात चालतो तर गाडीत का नाही, असं विचारतात. मिनिटाला सहा लिटर पाणी तापवणारा गिझर पूर्ण ज्योतीवर तासाला साधारण 900 ग्रॅम गॅस जाळतो. एक किलो एलपीजी नीट जळायला सुमारे 12 घनमीटर हवा लागते. म्हणजे पाच मिनिटांच्या अंघोळीला जवळजवळ एक घनमीटर. कॅम्परमधला बाथरूमचा कप्पा अख्खा दीड घनमीटरचा, त्यात माणूस उभा. हवा कमी पडली की गॅस अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. गॅस गळला तर वास येतो, कारण तो वास मुद्दाम घातलेला असतो. कार्बन मोनॉक्साइडला वास नाही, रंग नाही, डोळे चुरचुरत नाहीत. डोकं जड होतं, पाय लटपटतात, आणि दाराची कडी काढायचं भान राहत नाही.

गगनबावड्याला भर पावसात आमच्या शेजारी एक कुटुंब मुक्कामाला होतं. वर्षाला 5000 मिलिमीटरहून जास्त पाऊस पडणारा तो भाग, त्यामुळं आडवी झड आत येऊ नये म्हणून त्यांनी छताची झडप बंद केली होती आणि खिडकीच्या फटीत टॉवेल कोंबला होता. त्यांचा शाळकरी मुलगा अंघोळीला गेला. बाहेर थंडी, आत गरम पाणी, पोरगं रेंगाळलं. आईनं मगा पडल्याचा आवाज ऐकला, हाक मारली, उत्तर आलं नाही. वडील दार ओढत होते आणि दार उघडेना, कारण मुलगा दाराला टेकून बसला होता. आम्ही दोघं-तिघं धावलो, बिजागरीच उचकटली, त्याला पावसात बाहेर आणून आडवं केलं. त्याला उलटी झाली, मग तो बोलू लागला. तिथून दवाखान्यात नेऊन ऑक्सिजन लावावा लागला. मुलगा वाचला. आईनं मगा पडल्याचा आवाज ऐकला नसता तर काय झालं असतं, हा विचार मला अजूनही अस्वस्थ करतो. गाडी बांधणाऱ्यानं त्यांना "खिडकी थोडी उघडी ठेवा" असं सांगितलं होतं म्हणे. आडव्या पावसात खिडकी उघडी कोण ठेवतं?

जळणाची हवा बाहेरून घेणारा आणि धूर बाहेरच सोडणारा, वाहनासाठीच बनवलेला हीटर परवडत असेल तर तो घ्या. नाही तर पाणी गाडीबाहेर, आडोशाला, साध्या शेगडीवर तापवा. प्रमाण पाठ करून ठेवा: एक तांब्या उकळतं, तीन तांबे गार. गार पाणी 20 अंशांचं असेल तर मिश्रण बरोबर 40 अंशांचं होतं, अंगाला सोसेल असं. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म मिळतो, तो झोपायच्या जागेजवळ लावा. पण अलार्म लावला म्हणून आत गिझर चालेल, असं मात्र नाही.

पाइपात हवा भरणं

टपावर काळा पीव्हीसी पाइप बसवून उन्हात पाणी तापवायची कल्पना उत्तम आहे. चार इंची पाइप दोन मीटर लांब घेतला तर 16 लिटर पाणी बसतं आणि मार्च-एप्रिलच्या उन्हात ते फुकट तापतं. घोळ पुढं होतो. व्हिडिओ बघून लोक त्या पाइपाला टायरचा व्हॉल्व्ह बसवतात आणि धार जोरात यावी म्हणून कॉम्प्रेसरनं हवा भरतात. हा पाइप पाण्याच्या दाबासाठी बनवलेला असतो, दाबलेल्या हवेसाठी नाही. उन्हात तापला की तो मऊही पडतो. पाणी दाबलं जात नाही, हवा दाबली जाते, आणि पाइप फुटला की ती सगळी ताकद एकदम मोकळी होते. टोपण सुटून गोळीसारखं जाताना मी पाहिलं आहे. त्या रेषेत त्या वेळी कुणी उभं नव्हतं, एवढंच बरं. टपाच्या उंचीवरून पाणी आपोआप खाली येतं, त्याला हवेची गरज नाही. वरच्या टोकाला छोटं भोक ठेवा, खाली मगाएवढा शॉवर लावा, पुरे.

धार हवीच असेल तर शेतीच्या दुकानात बॅटरीवरचा फवारणी पंप मिळतो, 16 लिटरचा. बायका-पोरांच्या अंघोळीला फार सोयीचा. पण पंप नवाच घ्या. गावात कुणी "धुऊन देतो, वापरा" म्हणालं तरी औषध मारलेला पंप घेऊ नका. ती औषधं प्लॅस्टिकला धरून राहतात, कितीही विसळा.

बाकीच्या चुका थोडक्यात. घरासारखा शॉवर सोडून उभं राहू नका. तो मिनिटाला आठ-दहा लिटर पाणी ओततो. भिजा, नळ बंद, साबण, मग धुवा. पाच लिटरमध्ये माणूस स्वच्छ होतो. इन्व्हर्टरवर हजार वॅटचा रॉड लावला तर 12 व्होल्टच्या बॅटरीतून 90 अँपिअरच्या आसपास ओढ बसते. एक बादली तापेल, पण बॅटरीचं आयुष्य कमी होईल. टपावर 200 लिटरची टाकी म्हणजे 200 किलो वजन, तेही सर्वांत वर. करूळ घाटाच्या वळणावर ते तुम्हाला कळेल. टाकीत महिनाभर साचलेलं पाणी अंगावर घेऊ नका, आधी ब्लीचिंग पावडर टाकून टाकी धुऊन काढा. ओले वाइप्स पुरू नका, त्यात प्लॅस्टिकचे धागे असतात. दाजीपूरच्या अभयारण्यात मनाला येईल तिथं मुक्काम करता येत नाही, अंघोळ तर लांबच, वनखात्याला विचारा. पावसाळ्यात जळवा असतात, अंघोळीआधी बोटांच्या बेचक्या बघा.

आणि सकाळी सहालाच अंघोळ झाली पाहिजे हा हट्ट सोडा. डोंगरात थंडीत दुपारी तीन-चारची अंघोळ सर्वांत चांगली. तोवर उन्हात ठेवलेली पाण्याची काळी पिशवी तापलेली असते, अंगही उन्हात सुकतं.

खरं सांगायचं तर आपल्या जिल्ह्यात रानात अंघोळ करायची वेळच क्वचित येते. नरसोबाच्या वाडीला, जोतिबाला भक्तनिवास आहेत. हायवेच्या ढाब्यांवर ट्रकवाल्यांसाठी पाण्याचा हौद असतो. तिथं जेवा आणि मग विचारा. सर्वांत उत्तम म्हणजे उसाच्या रानातली मोटर. जाड पाइपातून पडणाऱ्या त्या पाण्याखाली बसल्यावर शॉवरची आठवण होत नाही. फक्त रानात घुसून तंबू लावू नका. आधी वस्तीवर जा, चप्पल बाहेर काढा, "काका, अंघोळ केली तर चालंल का?" असं विचारा आणि लगेच विचारा, "लाईट कधी हाय?" शेतीची वीज ठरलेल्या पाळीनं येते, कधी दिवसा, कधी मध्यरात्री. तुमच्यासाठी मोटर चालू करायला सांगू नका, त्यांचं पाणी पाजायचं असेल तेव्हा जा. विहिरीच्या काठावर अंघोळ करू नका, पाणी परत विहिरीत जातं. साबणाचं पाणी सरीत सोडलं तर चालेल का, तेही मालकालाच विचारा. हो म्हणाले तर सरीत, नाही म्हणाले तर टबात.