जीनोमिक्समध्ये यायचंय? आधी एक अक्षर शोधून बघा

उमविमधून (जळगावच्या उत्तर महाराष्ट्र विद्यापीठातून) एम.एस्सी. केलं आणि पुण्यातल्या एका डायग्नोस्टिक लॅबमध्ये लागले, त्याच्या तिसऱ्या आठवड्यातली गोष्ट. सिकलसेल या आनुवंशिक रक्ताच्या आजाराचा पक्का पॉझिटिव्ह नमुना समोर होता आणि मला त्यात सिकलसेल काही सापडेना. पाठ तर सगळं होतं: बीटा ग्लोबिन जनुक, सहावा कोडॉन (तीन अक्षरांचा गट), जीएजीचं जीटीजी, म्हणजे 'ए'च्या जागी 'टी'. नमुन्यातले बदल लिहिलेल्या फाइलमध्ये तोच 'ए'चा 'टी' शोधण्यात अख्खी दुपार गेली. शेवटी सीनियर मॅडम मागे येऊन उभ्या राहिल्या आणि त्यांनी तीन प्रश्न विचारले.

संदर्भ जीनोमची, म्हणजे ज्याच्याशी नमुना ताडून बघतो त्या डीएनएच्या अख्ख्या मजकुराची, आवृत्ती कोणती? मी जुन्या आवृत्तीतला पत्ता घेऊन नव्या आवृत्तीच्या फाइलमध्ये फिरत होते. अकराव्या गुणसूत्रावरचं हे अक्षर जुन्या मोजणीत ५२४८२३२ वर येतं, नव्या मोजणीत ५२२७००२ वर. जनुक डीएनएच्या दोन धाग्यांपैकी कुठल्या धाग्यावर? उलट्या धाग्यावर. फाइल मात्र सरळ धाग्याची अक्षरं लिहिते, आणि 'ए'समोर 'टी' असतो, म्हणून तिथे 'टी'चा 'ए' दिसणार. आणि कोडॉन सहावा की सातवा? जुन्या पद्धतीत प्रथिनाच्या सुरुवातीचं मेथिओनिन हे अमिनो आम्ल मोजत नसत, आता मोजतात, त्यामुळे रिपोर्टवर सातवा. त्या दिवशी डबा तसाच परत नेला.

हे आधी सांगायचं कारण असं, की या क्षेत्रात येणारी मुलं क्रिस्पर-क्रिस्पर (जनुक कापून बदलण्याचं तंत्र) करत येतात आणि अडकतात ती अशा हिशेबाच्या गोष्टीत. चूक हुशारीची नसते, पत्त्याची असते.

आमचं गाव अमळनेर तालुक्यात. घरी कापूस. सुरत-भुसावळ पॅसेंजरच्या पासावर जळगावला ये-जा करून बी.एस्सी. झालं. जनुकांचं शिकते म्हटल्यावर वडिलांनी पहिला प्रश्न केला, "म्हंजे बीटीनं शे का?" (म्हणजे बीटी कापसाचं आहे का?) तेव्हा हसू आलं होतं. आता वाटतं, प्रश्न बरोबर होता. एक जनुक बदललं की पीक बदलतं, हे त्यांनी २००२ नंतर स्वतःच्या शेतात पाहिलं होतं. मी तोवर फक्त पुस्तकात.

जीनोमिक्समुळे औषध शोधण्याची रीत कशी बदलली, हे सिकलसेलवरूनच नीट कळतं. बदल सगळ्यांचा तोच, तरी काहींना महिन्या-दोन महिन्यांनी दवाखाना आणि काहींचं बरं चालतं. असं का? बऱ्याच जणांत उत्तर एकच निघतं: बाळपणीचं हिमोग्लोबिन त्यांच्या रक्तात मोठेपणीही टिकून असतं. मग २००७-०८ च्या सुमारास पुष्कळ माणसांचे जीनोम चाळून पाहिल्यावर बीसीएल११ए या जनुकाकडे बोट गेलं. बाळाचं हिमोग्लोबिन बंद करणारं बटण ते हेच. पुढे क्रिस्परने अस्थिमज्जेतल्या मूळपेशींमध्ये हे बटण सैल करण्याचं औषध तयार झालं, कॅसजेव्ही. ब्रिटनने नोव्हेंबर २०२३ मध्ये आणि अमेरिकेने त्याच डिसेंबरात त्याला परवानगी दिली. अमेरिकेतली किंमत २२ लाख डॉलर.

सातपुड्यातल्या धडगावच्या पोराला हे मिळणार नाही, हेही तितकंच खरं. त्याच्या हातात हायड्रॉक्सीयुरियाची गोळी असते. गंमत म्हणजे ती जुनी गोळीही बाळाचं हिमोग्लोबिनच वाढवते. दिल्लीची आयजीआयबी ही सरकारी संस्था स्वस्तातल्या क्रिस्पर उपचारावर काम करते आहे. संशोधनाची ओढ असेल तर हे नाव लक्षात ठेवा.

निदानाचं म्हणाल, तर जीनोमिक्स म्हणजे पुण्या-हैदराबादची काचेची लॅब, हा समज काढून टाका. थुंकीचा नमुना सीबीनॅट मशीनमध्ये टाकला की साधारण दोन तासांत टीबीचा जंतू आहे का आणि त्याच्या आरपीओबी जनुकात रिफाम्पिसिन या टीबीच्या औषधाला न जुमानणारा बदल आहे का, दोन्ही कळतं. गोव्यात तयार झालेलं ट्रूनॅट तर बॅटरीवर चालतं. आमच्या काही ज्युनिअर मुली याच मशीनवर नोकरीला लागल्या. मला विचाराल तर पहिल्या नोकरीला ही जागा उत्तम. रोज नमुना हातात येतो.

'माणूस बघून औषध' हा भाग मात्र ऐकायला जितका गोड, तितका कामात सोपा नाही. काकांना हृदयविकाराचा झटका आला, स्टेंट बसली आणि क्लोपिडोग्रेल सुरू झालं. ही गोळी पोटात गेल्यावर लगेच काम करत नाही. यकृतातल्या सीवायपी२सी१९ या एन्झाइमने तिला जागं करावं लागतं. आपल्याकडे बऱ्याच जणांत हे एन्झाइम जनुकातल्या बदलामुळे मंद असतं. मी नवीन शिकलेली, लगेच डॉक्टरांना ऐकवलं. ते शांतपणे म्हणाले, "ताई, तुमचा रिपोर्ट कधी येईल? गोळी मला आज रात्रीच द्यायची आहे." मी गप्प. आमच्या लॅबला तेव्हा पाच-सहा दिवस लागत. हीच तपासणी लवकर हातात देणारी यंत्रं निघाली आहेत, पण गोळी आणि रिपोर्ट यांच्यातलं हे अंतर कुठल्याही मुलाखतीत तुम्हाला कोणी सांगणार नाही.

रिपोर्ट लिहायला बसलं की आणखी एक दुखणं समोर येतं. एखादा बदल सापडतो, पण तो आजार करतो की नुसताच आहे, ठरत नाही. लॅबमध्ये त्याला 'व्हीयूएस' म्हणतात. जगातल्या जीनोमच्या साठ्यात युरोपीय वंशाची माणसं जास्त, आपली कमी, त्यामुळे आपल्या रुग्णांत असे अनिश्चित बदल जास्त निघतात. जीनोम इंडिया प्रकल्पातला १० हजार भारतीयांचा डेटा जानेवारी २०२५ मध्ये संशोधकांसाठी खुला झाला. तो वाचायला माणसं लागणार आहेत, आणि ती तुमच्यातलीच.

अभ्यासाचं थोडक्यात. एम.एस्सी.साठी गॅट-बी आणि जॅम या प्रवेशपरीक्षा, पुढे नेट किंवा गेट. अर्जांच्या तारखा बघत राहा. आमच्या वर्गातल्या दोघांचं वर्ष नुसत्या तारखेपायी गेलं. लिनक्स पहिल्याच वर्षी शिका, जुन्या लॅपटॉपवर चालतं. डेटा तपासण्याचं गॅलक्सी फुकट आहे, जनुकांच्या माहितीचे साठे क्लिनव्हार आणि एन्सेम्बल फुकट आहेत, एनपीटीईएलची व्याख्यानं फुकट आहेत. 'तीन महिन्यांत जीनोमिक्स एक्स्पर्ट' करणाऱ्या कोर्सला मी पैसे भरले होते. प्रमाणपत्र छान चकचकीत होतं, त्याबद्दल आजवर कोणी विचारलं नाही. सुरुवातीचा पगार बेताचा असतो, घरच्यांना आधीच सांगून ठेवा.

आणि संख्याशास्त्र. आम्ही तो पेपर गाईडवर काढला. संभाव्यता मला खऱ्या अर्थाने कळली ती सातपुड्यात, धडगाव तालुक्यातल्या तपासणी शिबिरात. देशाचं सिकलसेल अभियान १ जुलै २०२३ ला सुरू झालं, ४० वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांच्या तपासणीचं लक्ष्य घेऊन, त्याच्या पुढच्याच हिवाळ्यातली ही गोष्ट. नळीत रक्ताचा थेंब टाकायचा, मागे धरलेल्या कागदावरच्या रेघा दिसेनाशा झाल्या की सॉल्युबिलिटी पॉझिटिव्ह. पण वाहक (जनुकाची एकच प्रत बदललेला) की रुग्ण (दोन्ही प्रती बदललेला) हे त्यातून कळत नाही. ते इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी या लॅबमधल्या तपासण्या सांगतात.

एक बाई आल्या. नवरा-बायको दोघंही वाहक, पहिला मुलगा एसएस, म्हणजे रुग्ण. कोणीतरी त्यांना सांगितलं होतं, चारांत एकाला होतो. एकाला झाला, म्हणजे पुढचे तिघे मोकळे, असा त्यांचा हिशेब. मी मराठीत गुणाकार-भागाकार समजावू लागले. माझी अहिराणी तिथे चालेना आणि त्यांची पावरी मला येईना.

आशाताईंनी मला बाजूला केलं. कोपऱ्यातल्या कणसाचे चार दाणे काढले, एकाला शाई लावली आणि पदराच्या खोळीत टाकून बाईंना म्हणाल्या, काढ एक. काळा दाणा आला. बाईंनी तो जमिनीवर ठेवला. आशाताईंनी उचलून परत खोळीत टाकला, हलवला आणि पुन्हा पदर पुढे केला.

बाई बराच वेळ त्या पदराकडे बघत राहिल्या. मग पावरीत काहीतरी म्हणाल्या. आशाताईंनी माझ्याकडे वळून मराठीत सांगितलं, "ती विचारते, पोटात असतानाच समजतं का? आणि त्यासाठी कुठवर जावं लागतं?"

पहिल्याचं उत्तर मला येत होतं. दुसऱ्यासाठी मी वही घेऊन डॉक्टरांच्या टेबलाकडे गेले.