पाटी रंगवायला देण्यापूर्वी

दुकानाची पाटी, फ्लेक्स किंवा बरणीवरचं लेबल छापायला देताना आधी विशेषण कुठे बसलंय ते बघा. ‘गरम म्हशीचे दूध मिळेल’ यात तापलेली आहे ती म्हैस. ‘म्हशीचे गरम दूध’ लिहिलं की दूध तापतं. ‘शुद्ध गाईचे तूप’ तर इतकं रुळलंय की गाईच्या सोवळ्याबद्दल कुणी शंकाच घेत नाही.

मग ऱ्हस्व-दीर्घ. ‘महाराष्ट्र दीन’ असं लिहिलंत तर १ मे रोजी आपण राज्याच्या गरिबीचा सोहळा करतो. दिवस म्हणजे ‘दिन’, गरीब तो ‘दीन’. चूक होते त्याला कारण आहे: मराठीत ‘तीळ’, ‘मूल’, ‘फूल’ अशा अकारान्त (शेवटी ‘अ’ असलेल्या) शब्दांत शेवटून दुसरं अक्षर दीर्घ लिहायचं असतं, आणि हात सवयीने तसाच वळतो. पण ‘दिन’, ‘गुण’, ‘विष’ हे संस्कृतातून जसेच्या तसे आलेले. त्यांना तो नियम नाही. ‘स्नेहमिलन’च्या जागी ‘स्नेहमीलन’ही टाळा. ‘मीलन’ म्हणजे डोळे मिटणं (भाषणं लांबली तर बरोबरच म्हणा). सुताची ती ‘सूतगिरणी’. ‘सुतगिरणी’त मुलगे तयार होतील.

ओळ कुठे तुटते तेही बघा. ‘येथे गाडी लावू’ वरच्या ओळीत आणि ‘नये’ खाली, झुडपामागे गेलं, की गाड्यांची रांग लागलीच.

शेवटी मजकूर घरातल्या एखाद्या खोडकर पोराला मोठ्याने वाचायला द्या. तो हसला, तर पेंटरला फोन करा.