दोन दिवसात मेदान कसं बघायचं

इंडोनेशियातल्या सुमात्रा बेटावर जाणारे बहुतेक लोक मेदान शहरात उतरतात आणि एअरपोर्टवरूनच गाडी करून तोबा लेकला पळतात. तोबा भारीच आहे, वाद नाही, पण मेदानला निदान दीड-दोन दिवस द्याच. इथे मलय, चिनी, जावानीज, तमिळ आणि सुमात्राचेच बाटाक, मिनांग असे सगळे पिढ्यानपिढ्या एकत्र राहतायत आणि ते बघायला म्युझियममध्ये जावं लागत नाही, रस्त्यावरच दिसतं.

आधी थोडा इतिहास, म्हणजे बघताना संगती लागेल. १८६३ मध्ये एका डच माणसाने इथे तंबाखू लावायला सुरुवात केली, सिगारवर सगळ्यात बाहेरून गुंडाळायला जे पान लागतं ते देलीचं (देली म्हणजे मेदानच्या आसपासचा भाग) एवढं चांगलं निघालं की युरोपात त्याला तुफान मागणी आली. जमिनी देलीच्या मलय सुलतानाकडून भाड्याने घेतल्या, मजूर म्हणून आधी चिनी आणले, तमिळ आणले, नंतर जावावरून आणले. आज जो राजवाडा, मशीद, देऊळ, हवेली आपण बघतो ते सगळं याच पैशाच्या आणि माणसांच्या मागोमाग आलेलं आहे.

भारतातून जाताना क्वालालंपूर किंवा सिंगापूरला फ्लाइट बदलून जाणं सोपं पडतं. भारतीय पासपोर्टवर ३० दिवसांचा व्हिसा ऑन अरायव्हल मिळतो, फी ५ लाख रुपिया (आकडा बघून दचकू नका, इथे सगळ्यालाच शून्यं जास्त), आणि निघायच्या आधी ऑनलाइन काढून ठेवलात तर ती एक रांग वाचते. पासपोर्ट सहा महिने तरी व्हॅलिड पाहिजे. क्वालानामू एअरपोर्ट शहरापासून लांब आहे, टॅक्सीने ट्रॅफिकमध्ये अडकण्यापेक्षा एअरपोर्टची ट्रेन घ्या, साधारण पाऊण तासात मेदान स्टेशन येतं आणि स्टेशनच्या समोरच लापांगान मर्देका म्हणजे शहराचं मुख्य मैदान. हॉटेल या भागात नाहीतर केसावान या जुन्या व्यापारी भागाच्या आसपास घ्या, पहिला दिवस पायीच होतो.

पहिल्या दिवशी केसावान. जुने डच बँकांचे आणि कंपन्यांचे बंगले, त्यांना चिकटून चिनी दुकानं, आणि मध्येच च्योंग आ फी यांची हवेली. हा माणूस चीनमधून जवळजवळ रिकाम्या हाताने आला आणि मेदानचा सगळ्यात श्रीमंत माणूस झाला. हवेली १९०० सालची. इथे घाई करू नका, गाइड घ्या, कारण नुसतं फिरलात तर जुनं फर्निचर दिसेल आणि बाहेर पडाल, गाइड असला की कुठली खोली कुठल्या पाहुण्यांसाठी होती ते कळतं. स्वतः चिनी असून त्यांनी मशिदीलाही पैसे दिले आणि जुन्या टाउन हॉलला घड्याळही. मग समोरच्या बाजूला टिप टॉप नावाचं जुनं रेस्टॉरंट आहे तिथे बाहेरच्या खुर्चीत बसून आइस्क्रीम खा, ऊन उतरू द्या. मेदान विषुववृत्ताजवळ आहे, दुपारी अंगातून नुसतं पाणी निघतं आणि मग धो धो पाऊस, त्यामुळे छत्री बॅगेत पाहिजेच.

दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर मैमून राजवाडा, १८९१ मध्ये पूर्ण झालेला. आत सगळं पिवळं धमक, कारण पिवळा हा मलय राजघराण्याचा रंग. भाड्याने मलय पोशाख घालून सिंहासनासमोर फोटो काढता येतात, जरा टुरिस्टी आहे पण मजा येते. तिथून चालत पाच-सात मिनिटांवर मस्जिद राया, १९०९ ची, आठ कोनांची. अंग झाकणारे कपडे घाला, बायकांनी ओढणी ठेवा, आणि शुक्रवारी दुपारी जाऊ नका, नमाजाची गर्दी असते.

मग कांपुंग मद्रास, म्हणजे तमिळ लोकांची जुनी वस्ती. इथलं श्री मारिअम्मन देऊळ १८८४ चं, गोपुर लांबूनच ओळखू येतं. गजऱ्यांचा वास, मसाल्याची दुकानं, आणि पुजारी तमिळमध्ये मंत्र म्हणून झाल्यावर लगेच बहासामध्ये, म्हणजे इंडोनेशियन भाषेत, कुणाशी तरी गप्पा मारतायत, हे बघून मला तरी जाम गंमत वाटली. दुपारनंतर ग्रॅब (ओला-उबरसारखी ॲपवरची टॅक्सी) करून अन्नै वेलंकन्नी चर्चला जा, थोडं बाहेर आहे पण चुकवू नका. हे चर्च आहे हे सांगितल्याशिवाय कळत नाही, एकदम देवळासारखं दिसतं.

फिरायला ग्रॅब नाहीतर गोजेक. बेचाक म्हणजे मोटरसायकलला साइडकार लावलेली रिक्षा, एकदा तरी बसा, पण भाडं आधी ठरवा आणि बोटांवर नको, मोबाइलवर आकडा टाइप करून दाखवा. मी 'लिमा' एवढंच ऐकून मान डोलावली. मला वाटलं लिमा बलास म्हणजे १५ हजार, तो म्हणत होता लिमा पुलुह, म्हणजे ५० हजार. उतरल्यावर भांडायला तोंडच नव्हतं. बोलताना हजाराला रिबू म्हणतात, तेवढा शब्द पाठ करा.

खाणं म्हणजे सोतो मेदान, नारळाच्या दुधातला पिवळसर रस्सा. शाकाहारी असाल तर 'तांपा डागिंग' म्हणजे मांस नको, पण तेवढ्यावर भागत नाही, मासे म्हणजे 'इकान' वेगळं सांगावं लागतं आणि सांबालमध्ये (मिरचीची चटणी) बऱ्याचदा कोळंबीची पेस्ट, 'तेरासी', असते. तेंपे (आंबवलेल्या सोयाबीनच्या वड्या), टोफू सगळीकडे मिळतं, आणि चिनी वस्तीत 'वेजेतारियान' पाटी दिसली की बिनधास्त आत शिरा.

रात्री उचोक दुरियान, हे दुरियानचं दुकान, दुरियान म्हणजे उग्र वासाचं काटेरी फळ. वास सहन होत नसेल तरी जा, दुकानातला माणूस फळ फोडून आधी चाखायला देतो, गोड हवं तर 'मानिस', कडवट हवं तर 'पाहित' म्हणायचं, नाही आवडलं तर दुसरं फोडतो. फक्त उरलेलं हॉटेलवर नेऊ नका, बऱ्याच हॉटेलांत लिफ्टपाशीच दुरियानवर काट मारलेली पाटी असते, विमानातही चालत नाही. घरी न्यायला बिका आंबोन घ्या, मोजोपाहित रस्त्यावर ओळीने दुकानं आहेत, पिवळा जाळीदार केक, अंडं असतं त्यात, आणि जेमतेम तीन-चार दिवस टिकतो, म्हणून निघायच्या दिवशी सकाळीच घ्या.