फेरोइलेक्ट्रिक द्रवस्फटिकातून हिरवा प्रकाश येत नाही? या चुका टाळा

यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या कॉलेजात फेरोइलेक्ट्रिक द्रवस्फटिकाच्या (द्रवासारखा वाहणारा, पण रेणू शिस्तीत रचलेला आणि स्वतःचं विद्युत ध्रुवीभवन असलेला पदार्थ) सेल, म्हणजे दोन काचांमध्ये भरलेले पातळ नमुने, आम्ही स्वतः बनवतो, पण लेसरसाठी शहरात जावं लागतं आणि तिथे दोनच दिवस मिळतात. 1064 नॅनोमीटरचा अदृश्य प्रकाश आत सोडायचा आणि दुप्पट वारंवारतेचा, म्हणजे 532 नॅनोमीटरचा हिरवा प्रकाश निघतो का ते बघायचं. काही दिसलं नाही की मुलं पदार्थाला नावं ठेवतात. माझा अनुभव वेगळा आहे. पदार्थ बहुतेक वेळा ठीक असतो, घोळ सेलमध्ये किंवा ती धरण्यात असतो.

सगळ्यात जास्त वेळ खाणारी चूक म्हणजे सेल किरणासमोर अगदी सरळ धरणं. या पदार्थाच्या कायरल स्मेक्टिक सी प्रावस्थेत रेणू थरांत रचलेले आणि तिरके कललेले असतात. ते ज्या प्रतलात कललेले असतात, त्याला लंब दिशेत ध्रुवीभवन (धन आणि ऋण प्रभार किंचित वेगळे होणं) असतं. रॉबर्ट मेयर आणि सहकाऱ्यांनी 1975 मध्ये हे सममितीवरून दाखवलं. दोन काचांमध्ये व्होल्टेज दिलं की हे ध्रुवीभवन काचेला लंब होतं, म्हणजे नेमकं किरणाच्या दिशेत. सेल सरळ असेल तर दुप्पट वारंवारतेचं कंपनही फक्त त्याच दिशेत होतं, आणि स्वतःच्या कंपनाच्या दिशेत प्रकाश बाहेर पडत नाही. सिग्नल शून्य. सेल तिरपी करा, कोन थोडा थोडा वाढवत नोंदी घ्या. माझ्या एका विद्यार्थिनीचा आख्खा दिवस यात गेला होता. दुसऱ्या दिवशी सेल फिरवली आणि पहिल्या काही मिनिटांत हिरवा सिग्नल आला.

दुसरं, व्होल्टेज कमी पडणं. या प्रावस्थेत रेणूंचा कल थरागणिक मळसूत्रासारखा फिरत जातो, त्यामुळे ध्रुवीभवनाची बेरीज शून्य होते. मळसूत्र पूर्ण उलगडेपर्यंत विद्युत क्षेत्र वाढवा. मात्र डीसी लावून ठेवू नका. आयन काचांपाशी जमतात आणि आतलं क्षेत्र खाऊन टाकतात. कमी वारंवारतेची चौकोनी लहर वापरा. ध्रुवीभवन उलटलं तरी तीव्रता तीच राहते, कारण ती दुप्पट वारंवारता निर्माण करण्याच्या गुणांकाच्या वर्गावर ठरते. फक्त लेसरचा स्पंद उलटण्याच्या क्षणी पडू देऊ नका.

आता सेलकडे या. आमच्या गावात दिवाळीनंतर जिनिंग सुरू होतं आणि हवेत रुईचे तंतू तरंगतात. कापसाचा तंतू साधारण 10 ते 20 मायक्रॉन रुंद, आणि आपल्याला काचांत अंतर हवं 5 मायक्रॉन. एका हिवाळ्यात आमच्या सेलमध्ये रंगांचे पट्टे वाकडे दिसत होते. भरण्याआधी रिकाम्या सेलची धारिता (ती किती विद्युत प्रभार साठवते) मोजायला हवी होती, कारण तिच्यावरून काचांमधलं अंतर कळतं; ती आम्ही मोजली नव्हती. 5 मिलिमीटर बाजूच्या चौरस इलेक्ट्रोडला 5 मायक्रॉन अंतरावर सुमारे 44 पिकोफॅरॅड यायला हवेत. पुढच्या सेलला 18 आले, म्हणजे अंतर 12 मायक्रॉनच्या वर. सूक्ष्मदर्शकाखाली कडेला एकच तंतू आडवा पडलेला दिसला. तेव्हापासून आम्ही सेल पहाटे, गाड्या रिकाम्या व्हायच्या आधी, खिडक्या बंद करून जोडतो.

उन्हाळ्यात कूलर बंद ठेवा. बाहेर 45 अंश असताना हे सांगणं जिवावर येतं, पण ओली हवा नमुन्यात ओलावा घालते आणि वाऱ्याने हॉट स्टेजचं (नमुना ठरावीक तापमानाला ठेवणाऱ्या तापपट्टीचं) तापमान डुलतं. नमुना समदिक् द्रव अवस्थेत, म्हणजे पूर्ण वितळवून, भरा आणि मिनिटाला अर्ध्या अंशापेक्षा हळू थंड करा. मध्येच लाईट गेली तर पुन्हा पूर्ण वितळवा, अर्धवट थंड झालेल्या सेलवर वेळ घालवू नका.

सिग्नल आला तरी लगेच टाळ्या नकोत. लेसरमध्येच 532 चा अंश उरलेला असू शकतो, म्हणून सेलच्या आधी तो अडवणारा फिल्टर आणि सेलच्या नंतर 1064 अडवणारा फिल्टर, दोन्ही लावा. डोळ्यांवर योग्य चष्मा हवाच, 1064 दिसत नाही पण डोळ्यातला पडदा जाळतो. रिकामी सेल मोजा, कारण काच आणि लेपही थोडा सिग्नल देतात. आत येणारी ऊर्जा दुप्पट केली की सिग्नल चौपट व्हायला हवा. नमुना तापवून स्मेक्टिक ए मध्ये (थर तेच, पण रेणू न कललेले) नेला की तो जवळजवळ नाहीसा व्हायला हवा. आणि सुरुवातीला क्वार्ट्झची चकती ठेवून बघा, तिच्यातूनही काही आलं नाही तर दोष सेलचा नाही.

काही जण याच नमुन्यांवर झेड-स्कॅनही (नमुना लेसरच्या केंद्रबिंदूजवळ पुढेमागे सरकवून त्याचा प्रकाशाला मिळणारा प्रतिसाद मोजायची पद्धत) करतात. त्यात सतत चालणारा लेसर वापरून येणारा मोठा आकडा बहुधा उष्णतेचा असतो, रेणूंच्या इलेक्ट्रॉनिक प्रतिसादाचा नाही. तो तसाच प्रबंधात लिहू नका.

शेवटी प्रवास. एसटीच्या धक्क्यांनी आणि बोटांच्या दाबाने स्मेक्टिक थर मोडतात, सेल घरी कितीही सुंदर दिसली असली तरी. थर्मोकोलमध्ये खाच करून ती आडवी ठेवा, वर काही दाबू नका, आणि पोहोचल्यावर आधी वितळवून पुन्हा हळू थंड करा. याला दोन तास तरी लागतात. लेसरची वेळ मागतानाच ते धरून मागा.