जोडीतला पल्सार घड्याळाने कसा तोलावा

गेल्या रविवारी भाचीला घेऊन इंदूरच्या चिमणबाग मैदानावर गेलो. फोनवरच्या टिकटिकीबरोबर दर सेकंदाला टाळी वाजवत ती गोल फिरत होती, मी कडेला उभा. ती शंभर मीटर लांब गेली की हात जुळल्यावर ०.३ सेकंदाने टाळी ऐकू यायची, जवळ आली की लगेच. या उशिरावरून तिचं वर्तुळ केवढं ते डोळे मिटूनही सांगता येतं. ताऱ्यांच्या जोडीचं वजन काढायची सुरुवात इथूनच होते.

पल्सार म्हणजे गरगर फिरणारा न्यूट्रॉन तारा, म्हणजे मेलेल्या ताऱ्याचा अतिघट्ट गाभा. त्याचा रेडिओ झोत स्वतःभोवतीच्या दर गिरकीला आपल्यावरून जातो, तो त्याचा ठोका. हल्स आणि टेलर या खगोलशास्त्रज्ञांना १९७४ साली पोर्तो रिकोतल्या अरेसिबोच्या ३०५ मीटर रेडिओ दुर्बिणीने सापडलेली जोडी घेऊ: एक पल्सार आणि एकमेकांभोवती फिरणारा त्याचा जोडीदार तारा. तिच्यातल्या पल्सारचा ठोका ५९ मिलिसेकंदांचा.

आधी ठोक्यांच्या वेळा काढा. एकेकटा ठोका गोंगाटात बुडालेला असतो, म्हणून हजारो ठोके एकावर एक रचा. वाटेतल्या इलेक्ट्रॉनांमुळे कमी वारंवारतेच्या लहरी मागे पडतात, तो उशीर वजा करा. पृथ्वी सूर्याभोवती फिरते, त्यामुळेही वेळा ८ मिनिटांपर्यंत मागेपुढे होतात. तो हिशेब टेम्पो२ हे मोफत सॉफ्टवेअर करतं.

पल्सार कक्षेत आपल्याकडे येतो तेव्हा ठोके जवळजवळ पडतात, लांब जातो तेव्हा दूरदूर. आता ठोक्याचा काळ कसा बदलतो ते आलेखकागदावर मांडा. हल्सच्या लक्षात आलं की तीच वक्ररेषा रोज ४५ मिनिटं आधी उमटते. म्हणजे २३ तास १५ मिनिटांत कक्षेच्या पूर्ण फेऱ्या होतात. त्या तीन, प्रत्येकी ७ तास ४५ मिनिटांची. कागद-पेन्सिलीने काढलेली ही फेरी मला अजूनही थक्क करते. वक्ररेषेच्या आकारावरून कक्षेचा लांबटपणाही मिळतो: ०.६१७.

खरी अडचण इथे येते. कक्षा आपल्या दिशेने किती कललेली आहे हे ठाऊक नसतं, त्यामुळे दोघांची वस्तुमानं सुटी होत नाहीत. म्हणून आइन्स्टाइनच्या सापेक्षता सिद्धांताने सांगितलेले परिणाम शोधायचे. दोघं सर्वांत जवळ येतात ती जागा वर्षाला ४.२ अंश सरकते. बुधाची सूर्याजवळची जागा याच कारणाने शतकात अवघी ४३ विकला (विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग) सरकते. त्यावरून एकूण वस्तुमान मिळतं, २.८३ सूर्य. शिवाय जोडीदाराजवळ गेला की पल्सारचं घड्याळ मंदावतं, त्याने ठोके ४ मिलिसेकंदांपर्यंत मागेपुढे होतात. हे वेगळं काढायला काही वर्षं धीर धरावा लागतो, कारण कक्षा पुरेशी सरकेपर्यंत तो फरक तिच्या आकारातच मिसळलेला राहतो.

आडव्या अक्षावर पल्सारचं वस्तुमान, उभ्यावर जोडीदाराचं घेऊन कक्षेचं सरकणं आणि घड्याळाचं मंदावणं या दोन्ही अटींच्या रेषा काढा. त्या १.४४ आणि १.३९ सूर्यांपाशी छेदतात.

तिसरी रेषा ताळ्यासाठी. गुरुत्वलहरी, म्हणजे फिरणाऱ्या जोडीने अवकाशात उठवलेले तरंग, ऊर्जा नेतात, म्हणून फेरीचा काळ वर्षाला ७६ मायक्रोसेकंदांनी घटतो. भाचीने ती लाल पेन्सिलीने ओढली. आकाशगंगेतल्या गतीची छोटी दुरुस्ती केली की तीही त्याच छेदबिंदूतून जाते.