सूर्यावरचे डाग, समुद्री बर्फ आणि ज्वालामुखी: घरबसल्या ट्रॅकिंग कसं सुरू करावं

मे २०२४ मध्ये लडाखमधल्या हानलेच्या वेधशाळेच्या कॅमेऱ्यांनी सौरवादळामुळे लालसर झालेलं आकाश टिपलं आणि ते फोटो सगळीकडे फिरले, आठवत असेल. पण सूर्यावरच्या ज्या डागांच्या (आजूबाजूपेक्षा थंड म्हणून काळे दिसणारे भाग) गटामुळे ते झालं तो ३६६४ नंबरचा गट त्याआधी काही दिवस सूर्यावर ठळक दिसत होता, रोज सूर्य बघणारी मंडळी तेव्हापासूनच त्याच्यावर नजर ठेवून होती. हा छंद असाच आहे, बातमी येण्याआधी आकडा बघायचा. डिग्री लागत नाही, महागडा टेलिस्कोपही लागत नाही, रोजची दहा मिनिटं मात्र लागतात.

स्टेप १: वही उघडा

वही किंवा एक्सेल शीट, काहीही चालेल. तारीख, वेळ, आकाश कसं होतं आणि काय दिसलं एवढे चार रकाने पुरे. हे बोअरिंग वाटतं पण सगळा खेळ यावरच आहे. जर्मनीतल्या डेसाऊ गावचा श्वाबे हा औषधवाला, त्याने १८२६ पासून रोज डाग टिपले. खरं तर तो बुधाच्या आतला एखादा ग्रह शोधत होता, तो काही सापडला नाही, पण १८४३ मध्ये त्याच्या नोंदींतून हे बाहेर आलं की डाग साधारण दहा वर्षांच्या चक्राने वाढतात-कमी होतात (आज आपण सरासरी ११ वर्षं धरतो).

स्टेप २: सूर्य बघा, पण डोळे सांभाळून

नुसत्या डोळ्यांनी नाही, गॉगलने नाही, एक्स-रे फिल्मने तर अजिबात नाही. ग्रहणाचे चांगल्या कंपनीचे चष्मे, ज्यावर आयएसओ १२३१२-२ लिहिलेलं असतं, ते घालून फक्त मोठे डाग दिसतात, आणि तो चष्मा लावून दुर्बिणीतून बघायचं नाही हे वेगळं सांगायला नको तरी सांगतो.

सगळ्यात स्वस्त आणि मस्त पद्धत म्हणजे प्रोजेक्शन. साधी छोटी बायनॉक्युलर घ्या, एका नळीवर झाकण लावा, दुसरी सूर्याकडे करा आणि मागे फूटभर अंतरावर पांढरा कागद धरा. सूर्याकडे बघून नेम धरायचा नाही, बायनॉक्युलरची सावली सगळ्यात लहान होईपर्यंत हलवत राहायचं, मग कागदावर आपोआप गोळा उमटतो. मध्ये मध्ये थांबा, भिंगं तापतात. जवळ लहान मूल असेल तर बायनॉक्युलर एक सेकंदही सोडून जाऊ नका. टेलिस्कोप असेल तर फिल्टर पुढच्या बाजूला घट्ट बसणाराच हवा, आयपीसला (डोळा लावायच्या भिंगाला) लावायचा जुना काळा फिल्टर मिळाला तर सरळ कचऱ्यात टाका, तो उष्णतेने तडकतो.

स्टेप ३: मोजा

कागदावर १५ सेंटीमीटरचं वर्तुळ काढून ठेवा, सूर्याची प्रतिमा त्यात बसवा आणि पेन्सिलने डाग टिपा. मग स्विस खगोलशास्त्रज्ञ वुल्फचा फॉर्म्युला: गटांची संख्या गुणिले १०, अधिक एकूण डाग. म्हणजे ३ गट आणि त्यात मिळून १७ डाग असतील तर ४७. एकटाच एक डाग असला तरी तो एक गट, म्हणून ११. कुठला डाग कुठल्या गटात यावर सुरुवातीला गोंधळ होणारच, होऊ दे, फक्त रोज एकाच पद्धतीने आणि शक्यतो एकाच वेळी मोजा. सकाळी हवा स्थिर असते, तेव्हा कडा कमी थरथरतात. आठवडाभरात गट पश्चिमेकडे सरकताना दिसतील, एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत जायला साधारण दोन आठवडे लागतात.

आपलं मोजून झालं की मगच नासाच्या एसडीओ उपग्रहाचा त्या दिवशीचा फोटो बघा, आधी बघितलात तर नसलेले डागही दिसायला लागतात! ब्रुसेल्सचं सिल्सो केंद्र जगभरच्या निरीक्षकांचे आकडे एकत्र करून अधिकृत संख्या काढतं, त्याच्याशी तुलना करा. आपल्या आदित्य-एल१ वरचा सूट नावाचा टेलिस्कोप पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेत तयार झालाय, तोही सूर्याच्या अतिनील प्रतिमा घेतो.

फ्लेअरसाठी (सूर्यावरचा अचानक होणारा स्फोट) नोआ या अमेरिकेच्या हवामान संस्थेचा एक्स-रे ग्राफ बघा. ए, बी, सी, एम, एक्स अशा पायऱ्या, प्रत्येक पुढची दहापट ताकदीची. फ्लेअरचा प्रकाश ८ मिनिटांत पोचतो, पण खरं वादळ आणणारा प्लाझ्माचा (विद्युतभारित वायूचा) ढग बहुतेकदा एक ते तीन दिवसांनी येतो आणि कधी कधी पृथ्वीच्या दिशेने येतच नाही. त्यामुळे एक्स फ्लेअर झाला रे झाला की 'उद्या इंटरनेट बंद' म्हणणारे व्हिडिओ दुर्लक्षित करा.

स्टेप ४: बर्फ, आठवड्यातून एकदा

रोज बघण्यासारखं यात काही नाही. एनएसआयडीसी या अमेरिकेच्या बर्फाच्या नोंदी ठेवणाऱ्या केंद्राचा समुद्री बर्फाचा ग्राफ उघडा, १९७८ च्या अखेरीपासूनची उपग्रहांची नोंद तिथे आहे. नकाशावरच्या ज्या चौकोनात किमान १५ टक्के बर्फ आहे तो 'बर्फाळ' धरतात, हे लक्षात ठेवा. आर्क्टिकचा बर्फ मार्चमध्ये सर्वाधिक, सप्टेंबरमध्ये सर्वांत कमी असतो, आणि नीचांकाचा विक्रम अजून सप्टेंबर २०१२ चाच आहे, सुमारे ३४ लाख चौरस किलोमीटर. अंटार्क्टिकाचं उलट, तिथला नीचांक फेब्रुवारीत येतो. एका दिवसाच्या उडीवरून निष्कर्ष काढू नका, पाच दिवसांची सरासरी वापरा. गोव्यात वास्कोला आपलं ध्रुवीय संशोधन केंद्र आहे, तिथल्या मोहिमांच्या बातम्या सोबत वाचल्या की नुसत्या रेषेत जीव येतो.

स्टेप ५: ज्वालामुखी

स्मिथसोनियन या अमेरिकी संस्थेचा ज्वालामुखींचा साप्ताहिक रिपोर्ट वाचायला लागा. जगात कुठल्याही वेळी साधारण ४० ते ५० ज्वालामुखी धुमसत असतातच, म्हणून 'अचानक सगळे जागे झाले' वगैरे काही नसतं, आपल्यापर्यंत बातमी आली एवढंच. मग एकच निवडा. मी म्हणेन अंदमानचं बॅरन बेट घ्या, भारतातला एकमेव जागृत ज्वालामुखी. नासाच्या फर्म्स नकाशावर (उपग्रहाला दिसलेल्या आगी आणि गरम जागा दाखवणारा) तिथे समुद्रात लाल ठिपका दिसला तर उष्णता वाढलीय, मात्र ढग असले तर काहीच दिसत नाही. लाइव्ह कॅमेरा हवा असेल तर हवाईचा किलाउएआ, लाव्हाचे कारंजे बघत रात्र कशी जाते कळत नाही.

राखेसाठी विमानांचे अलर्ट बघायचे, हिरवा-पिवळा-नारिंगी-लाल. नोव्हेंबर २०२५ मध्ये इथिओपियातला हायली गुब्बी फुटला, त्याच्या आधीच्या उद्रेकाची नोंदच नव्हती, आणि त्याची राख अरबी समुद्र ओलांडून गुजरात, राजस्थान करत दिल्लीच्या आकाशापर्यंत आली, काही विमानं रद्द करावी लागली. उपग्रहाच्या नकाशांवर तो ढग सरकताना बघता येत होता.

स्टेप ६: जोडाजोडी करू नका, आणि आकडे पाठवा

तीन ग्राफ शेजारी ठेवले की हात शिवशिवतात, डाग वाढले म्हणून ज्वालामुखी फुटला असं वाटायला लागतं. रोज काही ना काही घडत असतं, त्यामुळे जुळणाऱ्या तारखा सापडणारच. असा दावा करायचाच असेल तर न जुळलेले दिवसही मोजा.

काही महिने सलग नोंदी झाल्या की आव्सो (एएव्हीएसओ) या अमेरिकेतल्या तारे-निरीक्षकांच्या संघटनेच्या सूर्य विभागाकडे तुमचे डागांचे आकडे पाठवता येतात, तिथे हौशी लोकांचंही स्वागत असतं. तुमच्या नजरेनुसार आणि साधनानुसार ते गुणक लावतात, म्हणून दुर्बीण सारखी बदलू नका. आणि जून ते सप्टेंबर आपल्याकडे सूर्यच दिसत नाही, त्या दिवशी रकान्यात शून्य लिहू नका, 'ढग' लिहा. शून्य फक्त तेव्हाच, जेव्हा सूर्य नीट बघितला आणि डाग नव्हता.